दर्या की दऱ्या

सकाळी सव्वासहा

दूध गॅसवर होतं तेवढ्यात फोन वाजला. धायरीच्या छापखान्याचे मालक. आवाज बसलेला. "ताई, कॉम्प्युटरला व्हायरस लागला. सगळ्या मेन्यूंत भलतंच काहीतरी आलंय. दिवाळी अंकाचे शेवटचे दोन फर्मे आज प्लेटला जायचेत." म्हटलं, आधी फोटो पाठवा.

फोटो आला आणि मी दूध उतू जाऊ दिलं. फॉन्ट बिघडला की बहुतेक वेळा चौकोन दिसतात, लोक त्यांना डबे म्हणतात. इथे डबे नव्हते. पानं लावायच्या पेजमेकर प्रोग्रॅमच्या वरच्या पट्टीत पहिला शब्द होता 'थ्पसम' आणि त्याच्या शेजारी 'म्कपज'.

सत्तावीस वर्षं फॉन्टचं हे काम करतेय, म्हणून वाचता आलं. क्रुती देव 010 या फॉन्टमध्ये इंग्रजी मोठ्या एफच्या जागी अर्धा थ बसवलेला आहे, आयच्या जागी प, एलच्या जागी स आणि ईच्या जागी म. एफ, आय, एल, ई: 'फाइल'. त्याच हिशेबाने 'एडिट'चं होतं 'म्कपज'. म्हणजे व्हायरस नाही. विंडोजचा स्वतःचा फॉन्ट कुणीतरी काढून त्या जागी क्रुती देव बसवला होता.

मालकांना दोनच गोष्टी सांगितल्या. फॉरमॅट मारायचा नाही आणि मी येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. "मजकूर शाबूत आहे. फक्त चेहरा बदललाय."

पावणेआठ

निघताना पिशवीत दोन पेनड्राइव्ह. एकात चांगल्या मशीनवरून उतरवून घेतलेल्या रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या, नोंदी, दुसऱ्यात रिकामी जागा. दुसरा मी कधीच विसरत नाही, कारण दुरुस्तीच्या आधी जे आहे ते जसंच्या तसं बाजूला ठेवायचं, बिघडलेलं असलं तरी. सदाशिव पेठेतून सिंहगड रस्त्यानं स्कूटरवर निघाले. गर्दी होती, त्याबद्दल काय लिहायचं.

साडेआठ ते साडेअकरा

छापखान्यात सगळे मशीनभोवती उभे होते. मालकांचे मेहुणे म्हणत होते, "फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाका, तासाभराचं काम." मी त्यांना हात जोडून बाजूला घेतलं. नव्या विंडोजमध्ये पंधरा वर्षांत जमवलेले फॉन्ट नसतात. पेजमेकरची सातवी आवृत्ती 2001 साली आली, तीच शेवटची, आणि तिला युनिकोड कळत नाही. त्यामुळे इथली प्रत्येक जुनी फाइल एखाद्या ठरावीक फॉन्टच्या आधारावर उभी आहे. तो फॉन्ट गेला की पानावर इंग्रजी अक्षरांचा कचरा उरतो. फॉरमॅट मारणाऱ्याला आपण काय पुसलं ते सहा महिन्यांनी समजतं, जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची वेळ आली की.

विंडोजचं बटण आणि आर दाबून छोटी चौकट उघडली आणि त्यात रजिस्ट्री एडिटरचं नाव टाइप केलं. चौकटीत उमटलं 'तमहमकपज'. बघणाऱ्यांपैकी एकजण "चुकलं, चुकलं" म्हणाला. चुकलं नव्हतं. बोटांनी आर, ई, जी, ई, डी, आय, टी हीच अक्षरं दाबली होती आणि मशीननेही तीच घेतली होती. दाखवताना तेवढा वेष बदलला. फॉन्टचं सगळं काम या एका गोष्टीत आहे. मशीनकडे आकडा असतो, फॉन्ट त्या आकड्याला आकार देतो. आकडा बरोबर असेल तर आकार पुन्हा आणता येतो.

एडिटरमधली झाडासारखी यादी मात्र त्या वेषात वाचणं जिकिरीचं होतं. म्हणून तो बंद केला आणि कमांडची काळी खिडकी उघडली. तिचा फॉन्ट वेगळा असतो, त्यामुळे सगळं बिघडलं तरी ती बहुधा वाचता येते. संकटात पहिल्यांदा तिच्याकडे जावं. तिथून रजिस्ट्रीच्या दोन जागा पाहिल्या: 'फॉन्ट्स' आणि 'फॉन्ट सब्स्टिट्यूट्स'. पहिलीत कुठल्या नावाचा फॉन्ट कुठल्या फाइलीत आहे ते लिहिलेलं असतं. दुसरीत एक फॉन्ट मागितला तर त्याऐवजी कुठला द्यायचा ते. पहिलीत सेगो यूआय, म्हणजे विंडोजच्या मेन्यूंचा फॉन्ट, त्याच्या नावापुढची जागा रिकामी केलेली. दुसरीत एक ओळ वाढवलेली: सेगो यूआय मागितला तर क्रुती देव 010 द्या.

आधी दोन्ही जागांची प्रत रिकाम्या पेनड्राइव्हवर घेतली. मग माझ्याकडच्या चांगल्या नोंदी आत घेतल्या. साधा, ठळक, तिरपा, ठळक तिरपा, हलका, प्रत्येकाची फाइल वेगळी असते आणि एक जरी राहिली तरी कुठल्यातरी कोपऱ्यात थ्पसम उरतो. वाढवलेली ओळ पुसण्यासाठी तिच्या नावापुढे बरोबरच्या चिन्हानंतर फक्त वजाचं चिन्ह दिलेली एक ओळ माझ्या फाइलीत असते, तेवढी पुरते. मशीन बंद करून चालू केलं. 'फाइल' आला. कुणीतरी टाळी वाजवली.

पण मला अजून उठायचं नव्हतं. मेन्यू दिसत होते, तरी मशीन धापा टाकत होतं. फॉन्टचं फोल्डर उघडलं तर यादी संपेना. कुणीतरी 'फॉन्ट कलेक्शन'चा पेनड्राइव्ह आणून सगळंच्या सगळं आत ओतलं होतं. प्रोग्रॅम उघडताना ही सगळी यादी चाळतो, म्हणून तो अडतो. त्याहून वाईट म्हणजे एकाच नावाचे दोन-दोन फॉन्ट. फाइलीचं बाहेरचं नाव वेगळं असतं, पण फॉन्टच्या पोटात त्याचं खरं नाव लिहिलेलं असतं आणि प्रोग्रॅम ते पोटातलं नाव बघतो. दोन फाइलींच्या पोटात एकच नाव असेल, तर कुठली पुढे येईल याचा भरवसा नाही. काल 'क्ष' नीट छापला आणि आज फुटला, अशा तक्रारींतल्या कितीतरी इथे येऊन थांबतात.

जुन्या फायली कुठले फॉन्ट मागतात त्याची यादी काढली. ते ठेवले, विंडोजचे स्वतःचे ठेवले. बाकीचे काढले आणि वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून दिले, पुसले नाहीत. मग फॉन्ट कॅश. विंडोज सगळ्या फॉन्टची माहिती आधीच काढून एका साठ्यात ठेवतं, म्हणजे दर वेळी फाइल उघडायला नको. हा साठा खराब झाला की फॉन्ट चांगला असूनही डबे दिसतात. विंडोज फॉन्ट कॅश ही सर्व्हिस थांबवायची, तिच्या फोल्डरमधल्या फायली आणि सिस्टम 32मधली एफएनटीकॅश ही फाइल काढून टाकायची, मशीन पुन्हा चालू करायचं. साठा नव्याने तयार होतो. शेवटी काळ्या खिडकीत एसएफसी स्कॅननाऊ. विंडोजच्या मूळ फायली, त्यात त्याचे स्वतःचे फॉन्टही आले, तपासून खराब झालेल्या बदलून देणारी ही आज्ञा आहे. त्याला वेळ लागतो, तेवढ्यात चहा झाला.

चहा घेताना ऑपरेटर मुलगा कडेला येऊन उभा राहिला. विशीचा असेल. रात्री उशिरापर्यंत तोच बसला होता. हळूच म्हणाला, "मॅडम, मीच केलं. इंग्रजी मेन्यू पटकन कळत नाहीत. मोबाइलवर बघून फॉन्ट बदलला, वाटलं मराठी होईल."

मला त्याचा राग आला नाही. त्याची अपेक्षा योग्यच होती, फक्त रस्ता चुकला होता. एका कागदावर एफ-आय-एल-ई लिहून त्याखाली थ, प, स, म मांडून दाखवलं. फॉन्ट भाषांतर करत नाही, आकार बदलतो. मेन्यू मराठीत हवे असतील तर विंडोजचा मराठी भाषासंच असतो, तो भाषेच्या सेटिंगमधून घ्यायचा. निघण्यापूर्वी त्याच्या लॉगिनवर तो बसवून दिला. पेजमेकर इंग्रजीतच राहिला, पण विंडोज त्याच्याशी मराठीत बोलायला लागलं. तो बराच वेळ सेटिंग उघडून एकेक शब्द वाचत होता.

बारा

परतीच्या वाटेवर नाशिकच्या वहिनींचा फोन. स्कूटर बाजूला घेतली. "अगं, नवा लॅपटॉप घेतला आणि माझा प्रबंध दोनशे बारा पानांचा दोनशे एकतीस झाला. अनुक्रमणिका सगळी चुकली."

"वहिनी, फॉन्ट कुठला होता?"

"मंगल. अजूनही वरती मंगलच लिहिलंय."

वरती नाव तेच दिसतं, हीच अडचण आहे. फाइल मंगल मागते, मशीनवर तो नसला तर वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो, बहुधा निर्मला यूआय. अक्षरांची रुंदी आणि ओळींमधलं अंतर बदलतं आणि पानं वाढतात. मंगल विंडोज 2000पासून सोबत येत असे. विंडोज 10पासून तो ऐच्छिक झाला. सेटिंगमध्ये ऐच्छिक फीचर्स, त्यात देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स. तो संच घेतला की मंगलबरोबर कोकिळा, अपराजिता, उत्साह हेही येतात. दहा मिनिटांनी वहिनींचा निरोप आला: दोनशे बारा.

मंगल र. कृ. जोशींनी रेखाटला. अक्षरांचा ध्यास घेतलेला हा माणूस, कवीही. संगणकाच्या पडद्यावर देवनागरी धड दिसत नव्हती त्या काळात त्यांनी हे काम केलं आणि आपल्यापैकी किती जणांनी आपलं पहिलं मराठी ईपत्र त्यांच्या अक्षरांत वाचलं असेल. मंगल कंटाळवाणा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते.

दीड

डबा. मेथीची भाजी, भाकरी. टेबलाच्या काचेखाली वडिलांचा एक खिळा ठेवलेला आहे, 'ळ'चा. वडील कंपोझिटर होते. खिळे जुळवताना ते कधी केसकडे बघत नसत, हात आपोआप त्या त्या खणात जात असे. झिजलेला खिळा ते वेगळ्या डब्यात टाकत आणि आठवड्याच्या शेवटी मालकांसमोर ठेवत. एक फुटका 'ळ' पूर्ण पानाची अब्रू घालवतो, असं त्यांचं म्हणणं. माझं काम वेगळं नाही, शिसं तेवढं गेलं.

अडीच ते पावणेसात

गुरुजी वेळेवर आले. भोरकडचे निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या घरात. रुमालात गुंडाळलेली सीडी. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी वर्षानुवर्षं वह्यांत उतरवल्या होत्या. 1999 साली एका डीटीपी सेंटरमधून टंकून घेतल्या. पुस्तक निघालं नाही. वह्या वाळवीनं खाल्ल्या. उरली ही सीडी आणि छापून घेतलेलं एकच पान, घडीवर फाटलेलं.

सीडीवरची फाइल साध्या टेक्स्टची. उघडली तर इंग्रजी अक्षरांची दाटी. फॉन्टचं नाव कुठेच नाही. गुरुजींनी पडद्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. ही फाइल त्यांनी याआधी तीन ठिकाणी दाखवली होती, सगळ्यांनी ती 'करप्ट' म्हणून परत दिली होती.

ती करप्ट नव्हती. युनिकोडमध्ये 'म'ला स्वतःचा आकडा आहे, 092ई, जगात कुठेही गेलात तरी तोच. फॉन्ट हरवला तरी म हा म राहतो. त्याआधीच्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागा उसन्या घेतल्या होत्या आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. फॉन्टचं नाव हीच किल्ली. किल्ली हरवली तर कुलूप बघून ओळखावी लागते.

ओव्यांत एक शब्द असणारच: आई. क्रुती देवमध्ये तो व्ही, के, बी आणि मोठा झेड असा पडतो. व्ही म्हणजे अ, के म्हणजे काना, बी म्हणजे इ, आणि झेड हा डोक्यावरचा रफार. तो इ वर ठेवला की ई होते. ही चार अक्षरं शोधली. पहिल्याच ओळीत सापडली, दुसऱ्या ओळीत पुन्हा, आणि मग पानभर. मजकूर निवडून फॉन्ट क्रुती देव केला. गुरुजी पुढे वाकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वाचायला लागले. मी पाणी आणायला आत गेले, जरा वेळच लावला.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. फॉन्ट लावून वाचता येतं एवढंच. पुस्तक करायचं, शोधता यायला हवं, पुढे पन्नास वर्षं टिकायला हवं, तर मजकूर युनिकोडमध्ये न्यायला हवा. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्याला जसं दिसतं त्या क्रमानं टंकलेलं असतं. 'दिवस' लिहिताना आधी वेलांटी, मग द. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम: आधी द, मग वेलांटी. रफार उलट. 'कीर्ती'त जुन्या पद्धतीनं तो सगळ्यात शेवटी येतो, युनिकोडमध्ये त च्या आधी जायला हवा. आणि मोठा झेड दिसला की तो 'ई'तला आहे की खरा रफार, हेही पाहावं लागतं. परिवर्तक प्रोग्रॅम यातलं बरंचसं करतो. पण ओवी बोलीतली, तिचे शब्द कोशात नाहीत, त्यामुळे त्यानं काय बिघडवलं ते यंत्राला कळायचा प्रश्नच नाही. गुरुजी वाचत, मी पडद्यावर बोट फिरवत. फाटक्या पानाशी पहिल्या बावीस ओव्या अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्या. त्यात चुकांचे पाच प्रकार मिळाले, ते सगळ्या फाइलीत शोधून बदलले.

सहाव्या प्रकाराचा उपाय मात्र पानात नव्हता. टंकणाऱ्यानं ऱ्य आणि र्य यांत फरकच केला नव्हता, सगळीकडे रफार दिला होता. मराठीत हा फरक जिवाचा. आचार्यांना बोलावलं तर गुरू येतात, आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाकी. असे शब्द वेगळे काढले. बहुतेक संदर्भानं सुटले. एक राहिला: भावाची वाट बघणाऱ्या बहिणीच्या ओवीत 'दर्या'. भाऊ दर्या ओलांडून येतो की दऱ्या? छंद दोन्हीत बसत होता. गुरुजी थकले होते. म्हणाले, "घरी जाऊन आठवून बघतो." त्यांना रिक्षात बसवून दिलं.

सात

स्वतःच्या फॉन्टची मांडणी. रोज अर्धा तास, सण असो नसो. प्रत्येक फॉन्टला एक फोल्डर, त्यात फाइल, परवान्याचा कागद आणि एका ओळीची नोंद: कुठून आला, कुठली आवृत्ती, कुठल्या पुस्तकाला वापरला. चालू कामाला लागतात तेवढेच बसवलेले, बाकी झोपलेले. मुक्त, बलू, शोभिका, नोटो अशा खुल्या परवान्याच्या फॉन्टांनी आमच्या धंद्याची मोठी सोय केली. चोरीचे पेनड्राइव्ह फिरवायची आता गरजच उरलेली नाही आणि तरी ते फिरतात याचं मला वाईट वाटतं.

बसवताना एक काळजी घ्यायची. 2018च्या शेवटाकडे आलेल्या विंडोज 10च्या आवृत्तीपासून फॉन्टवर दोनदा क्लिक करून बसवला तर तो फक्त त्या लॉगिनपुरता बसतो आणि कितीतरी जुन्या प्रोग्रॅमना दिसत नाही. उजवं बटण दाबून सर्वांसाठी बसवावा.

ल आणि श यांचीही तपासणी करते. शासनाच्या वर्णमालेत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितले आहेत, ते आपल्या हाताच्या वळणाचे. पुष्कळ चांगल्या फॉन्टांत हे दोन्ही आकार असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली नाही तर हिंदी वळणाचे पुढे येतात. भाषेचा तो एक पर्याय निवडायला काही सेकंद लागतात आणि माझ्याकडे येणाऱ्या फायलींत तो बहुतेक वेळा निवडलेला नसतो.

साडेआठ

धायरीहून दोन्ही फर्म्यांची पीडीएफ आली. मालकांनी सगळं कर्व्ह करून पाठवायची तयारी दाखवली होती, मी नको म्हटलं. कर्व्ह केलं की अक्षराचं चित्र होतं, मग एक काना जरी राहिला असेल तरी घालता येत नाही. फॉन्ट पीडीएफमध्ये बसवून पाठवा म्हटलं होतं. गुणधर्मांत जाऊन पाहिलं, प्रत्येक नावापुढे बसवल्याची नोंद होती. प्लेटला द्या असं कळवलं.

साडेनऊ

गुरुजींचा फोन. मागे कुणी बोलत नव्हतं, घर शांत असावं. "ताई, ऐका." आणि त्यांनी ती ओवी हलक्या आवाजात म्हटली, जात्याच्या ठेक्यात, एकदा आणि पुन्हा एकदा. "दऱ्या. आमच्या आईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. वरंधा घाट तेवढा माहीत होता."

फाइल उघडीच होती. रफार खोडला. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबलं, ऱ आला, मग हलन्त, मग य, मग काना. जतन केलं, दोन ठिकाणी प्रत ठेवली आणि फाइलीच्या नोंदीत लिहिलं: मूळ फॉन्ट क्रुती देव 010.